नखानं निघणारा रंग आणि दिरांच्या बॅगेतला डबा

परदेशात राहायला जाऊन चार वर्षं झालेल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. गेल्या वर्षी त्यांनी साधारण साठ वर्षांचं जुनं घर घेतलं. दारं, चौकटी, भिंतीच्या पायाशी धावणाऱ्या लाकडी पट्ट्या, सगळं पिवळट पडलेल्या चकचकीत पांढऱ्या रंगात होतं. रंगाऱ्याची मजुरी परवडेना म्हणून नवरा-बायकोनं सुट्टीत स्वतःच काम काढलं. दुकानातला सगळ्यात महाग पांढरा रंग आणला. वेगळ्या प्रायमरची गरज नाही असं डब्यावरच लिहिलेलं होतं. जुनी दारं पुसली आणि दोन हात दिले. तीन महिन्यांत मुठीपाशी रंग नखानं निघू लागला, लांबच लांब सालीसारखा. नव्यानं बसवलेल्या पाइनच्या दोन दारांवर तर गाठींच्या जागी तपकिरी डाग उमटले. आता यजमानांचं म्हणणं असं, की इथं चांगला रंग मिळतच नाही. धाकटा भाऊ पुढच्या महिन्यात येतोय, त्याच्या बॅगेतून आपला ओळखीचा ऑइलपेंट आणि अस्तराचा डबा मागवू. ताई विचारतात, मागवावा का? आणि नाही, तर लेबलांची भाषा धड कळत नसताना चांगला रंग आणि अंडरकोट ओळखायचा कसा? पाइनची दोन सोडून राहिलेली पाच जुनी दारं यजमानांनी मशीननं अर्धवट घासून ठेवली आहेत. घरात दोन वर्षांचं मूल आहे.

ताई, रंगाचं नंतर बोलू. आधी ती पाच दारं आहेत तशीच राहू द्या आणि मशीन बंद करा.

घर साठ वर्षांचं आहे म्हणता. त्या काळात लाकडावर मारलेल्या रंगात, त्यातही पांढऱ्यात आणि खालच्या अस्तरात, शिसं असण्याची शक्यता बरीच असते. अमेरिकेनं घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आणली ती १९७८ मध्ये. इतर देशांच्या तारखा वेगवेगळ्या आहेत. वरचा थर कालचा असला तरी खालचे जुने थर जागच्या जागी असतात. कोरडं घासलं की त्यांची धूळ उडते, जमिनीवर बसते आणि धावत्या मुलाच्या हातांतून तोंडात जाते. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो, आणि मुलांसाठी अमुक इतकं चालेल असं कोणतंही सुरक्षित प्रमाण नाही. म्हणून लाकडापर्यंतचे सगळे थर येतील असा नखाएवढा तुकडा काढून प्रयोगशाळेत तपासून घ्या. तोवर जमीन झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. शिसं निघालंच तर घासताना मूल घरात होतं हे डॉक्टरांना सांगा. रक्ताची साधी तपासणी असते.

शिसं असलं म्हणजे सगळा जुना रंग उकरून काढायचा असंही नाही. घट्ट बसलेला जुना रंग, कुठं घासला किंवा चावला जात नाही तोवर, सहसा निरुपद्रवी असतो. त्याला पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरनं जेमतेम खरखरीत करायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, तोंडावर बारीक धूळ अडवणारा मास्क लावायचा, मूल त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवायचं आणि वरून नवे थर चढवायचे. हीट गन मात्र अशा रंगाला लावू नका. रंग जागोजाग फुगून उखडला असेल तर हे काम शिकलेला माणूस बोलवा. मजुरी वाचवण्याची जागा ही नव्हे.

आता बॅग. ऑइलपेंट ज्वलनशील असतो. प्रवाशाच्या सामानातून तो विमानात नेता येत नाही, हातातल्या बॅगेत नाही आणि खाली दिलेल्या बॅगेतही नाही. दिरांची विमानतळावर पंचाईत होईल आणि डबा तिथंच राहील. समजा कसाबसा आलाच, तरी शेवटच्या दारापाशी अर्धा लिटर कमी पडला तर काय करणार?

पण यजमानांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. परक्या देशात एखादं साधं काम फसलं की ते नुसतं फसत नाही, आपल्याला इथलं काहीच जमत नाही असं वाटायला लागतं. मग ओळखीच्या डब्याची आठवण येणारच. माझा प्रश्न एवढाच आहे, की फसलं ते डब्यामुळे फसलं, हे कशावरून ठरवलंत?

तुम्ही पत्रात एक शब्द फार नेमका लिहिला आहे: साल. वाईट रंग असा निघत नाही. तो भुगा होतो, तडकतो, बोटाला पावडर लागते. तुमचा रंग अखंड पापुद्र्यासारखा निघतोय, म्हणजे रंगाची कातडी उत्तम बनली आहे. फक्त तिनं खालच्याला धरलेलं नाही. निघालेली एक पट्टी उलटी करून पाहा. मागची बाजू गुळगुळीत आणि दारावरची जागा चकचकीत दिसली, तर दोष दोन थरांच्या मधल्या सांध्यात आहे. मागे लाकडाचे तंतू चिकटून आले असते तर मी ओलीबद्दल विचारलं असतं.

खाली काय आहे ते कळायला दोन मिनिटं लागतात. जुन्या रंगाच्या कोपऱ्यावर स्पिरिटमध्ये (मिथिलेटेड स्पिरिट, व्हाइट स्पिरिट नव्हे) भिजवलेला कापूस जोरात घासा. कापसाला रंग आला आणि जागा चिकट झाली तर खालचा रंग पाण्यातला. काहीच झालं नाही तर तेलातला. तुमच्याकडे तेलातलाच निघेल अशी माझी जवळजवळ खात्री आहे, कारण तुम्ही पिवळेपणाचं लिहिलं आहे. तेलातला पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो. कपाटामागची पट्टी खिडकीजवळच्या पट्टीपेक्षा जास्त पिवळी असेल, बघा. अशा काचेसारख्या तुळतुळीत थरावर, त्यातही वर्षानुवर्षं हातांचा तेलकटपणा मुरलेल्या मुठीपाशी, नवा पाण्यातला रंग धरायचा कशाला? तुम्ही पुसलंत, पण धुतलं नाहीत आणि घासलंही नाहीत. तुमचा महागडा रंग खुशाल वापरा, त्याची चूक नाही.

क्रम असा: आधी धुणं, मग घासणं. उलट केलं तर तेलकटपणा ओरखड्यांत चोळला जातो. धुण्याचा सोडा किंवा भांड्यांचा साबण कोमट पाण्यात घालून धुवा, मग साध्या पाण्यानं दोनदा पुसून सोडा पूर्ण काढा. वाळल्यावर १२० ते १५० नंबरच्या पेपरनं घासा; शिसं निघालं असेल तर वर सांगितलं तसं ओल्या वॉटर पेपरनंच. चमक गेली की थांबा, रंग जाईपर्यंत घासत बसू नका. तुमच्या सात दारांचं निम्मं यश या कंटाळवाण्या अर्ध्या तासात आहे. नखानं निघतोय तो नवा थर मात्र निघेल तेवढा काढूनच टाका. सुटलेल्या थरावर कितीही चांगला थर चढवला तरी दोघं मिळून सुटतात.

पाइनच्या दारांची गोष्ट वेगळी आहे. तिथं रंग धरला आहे, पण गाठींतली राळ वर येते. ओक किंवा चेस्टनटसारख्या लाकडात टॅनिन असतं, ते पाण्यात विरघळतं आणि पाण्यातला रंग लागला की डाग होऊन वर उमटतं. अशा डागांवर तिसरा, चौथा, पाचवा हात दिला तरी ते डोकं वर काढतातच. त्यांना अडवायला वेगळा थर लागतो, आणि त्यातला सगळ्यात भरवशाचा थर लाखेचा. हो, आपली लाख, किड्यांपासून मिळणारी. सुतार जिला चपडा म्हणतात तीच, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. ओळखीचं काहीतरी हवं होतं ना? हे घ्या, तिकडच्या रंगाच्या दुकानात डाग अडवणारा प्रायमर म्हणून बसलं आहे. गाठीवर आणि तिच्या भोवती बोटभर जागेवर पातळ दोन हात द्या. मिनिटांत वाळतं, वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ ज्योत नको. ब्रश धुवायला स्पिरिटच लागतं. राळ फारच पाझरत असेल तर लाखही कधीतरी हरते, तेव्हा आधी चिकट राळ खरवडून स्पिरिटनं पुसून काढायची.

मग अंडरकोट म्हणजे नेमकं काय? थोडा गोंधळ आपल्या भाषेचाही आहे. रंगाच्या खाली जे जे जातं त्या सगळ्याला आपण अस्तर म्हणून मोकळे होतो. प्रायमरचं काम खालच्या पृष्ठभागाला धरणं आणि कोरं लाकूड असेल तर त्याची तहान भागवणं. अंडरकोटचं काम झाकणं आणि सपाट करणं. त्यात रंगद्रव्य जास्त आणि बांधणारा चिकट भाग कमी असतो, म्हणून तो मॅट दिसतो, खालचा रंग चटकन लपवतो आणि पेपरखाली छान भुगा होऊन गुळगुळीत होतो. म्हणूनच तो शेवटचा थर म्हणून टिकत नाही. अंगात ताकद नाही पण अंगावर घ्यायला तयार, असा.

ब्रिटनमध्ये हे दोन डबे अजून वेगळे मिळतात. अमेरिकेत दुकानात अंडरकोटिंग मागितलंत तर गाडीच्या खालच्या बाजूला मारायचा लेप पुढे येईल. तिथं सगळा भार प्रायमरवर असतो. जर्मन डब्यावर ग्रुंडीरुंग म्हणजे प्रायमर, फोअरलाक म्हणजे अंडरकोट, लाक म्हणजे वरचा रंग, आणि इझोलियरग्रुंड दिसलं तर तो डाग अडवणारा. फ्रेंचमध्ये सू-कूश या एका शब्दात प्रायमर आणि अंडरकोट दोन्ही येतात, आणि लाकूडकामाला ब्वाझरी म्हणतात. स्पॅनिशमध्ये इंप्रिमासिओन आणि वरचा एस्माल्ते, इटालियनमध्ये फोन्दो आणि स्माल्तो, डचमध्ये ख्रोंडफेर्फ आणि लाक. एनॅमल किंवा त्याच्या या भावंडांचा अर्थ ऑइलपेंट असाच धरू नका. आज तो फक्त कडक, धुता येणारा वरचा थर एवढंच सांगतो, आणि डबा पाण्यातला असू शकतो. देश कोणता ते तुम्ही लिहिलं नाही, पण त्यानं फारसं अडत नाही. दुकानात वस्तूचं नाव विचारू नका, काम सांगा: जुना चकचकीत तेलाचा रंग आहे, त्याला धरणारा थर हवा, पाइनच्या गाठी आहेत, त्या अडवणारा थर हवा. फोनवर त्या भाषेत एवढी दोन वाक्यं लिहून न्या, सोबत निघालेल्या सालीचा तुकडा. शक्य असेल तर मोठ्या सरसकट दुकानाऐवजी जिथून रंगारी सामान नेतात तिथं सकाळची गर्दी ओसरल्यावर जा, आणि इथले रंगारी दारांना काय मारतात ते विचारा. त्या हवेत, त्या लाकडावर काय टिकतं ते त्या काउंटरमागच्या माणसाला रोज कळत असतं.

प्रायमरची गरज नाही असं डब्यावर असतं, ते धडधडीत खोटं नसतं. आधीचा रंग नीट बसलेला, स्वच्छ आणि घासलेला असेल तर खरंच चालतं. कोरं लाकूड, गाठी आणि तुळतुळीत तेल, या तीन ठिकाणी चालत नाही. तुमच्या घरात त्यातल्या दोन जागा होत्या.

आता ऑइलपेंटच हवा हा आग्रह. तुम्ही दोघं ज्या रंगाची आठवण काढता तो त्याच नावानं मिळाला तरी तसाच असेल असं नाही. युरोपीय संघानं रंगातल्या उडून जाणाऱ्या विद्रावकांवर २००७ पासून मर्यादा घातली आणि २०१० पासून ती आवळली. दारं-चौकटींच्या रंगांत लिटरमागे तेलातल्याला ३०० ग्रॅम, पाण्यातल्याला १३० ग्रॅम, अशी. इतरत्रही कमी-जास्त असेच नियम आले. त्यामुळे कारखान्यांना घडणच बदलावी लागली. तेलातला रंग ब्रशच्या रेघा पोटात घेतो आणि कडक होतो हे खरं, पण पिवळा पडतो, एकेका हाताला रात्रभर वाळतो आणि घरात मूल असताना तो वास नकोच. मी तुमच्या जागी असते तर दारांसाठी पाण्यात मिसळलेला अल्किड (तेलापासून केलेल्या राळेचा रंग) किंवा पॉलियुरेथेनचा जोड दिलेला ॲक्रिलिक घेतला असता, सॅटिन, म्हणजे मध्यम चमकेचा. पूर्ण ग्लॉस दिसतो छान, पण हौशी हाताची प्रत्येक चूक आरशासारखी दाखवतो.

डब्याची किंमत बाजूला ठेवा आणि कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक उघडा. ते फुकट मिळतं आणि फोनवर भाषांतर होतं. त्यात एक आकडा शोधा: घन पदार्थांचं आकारमानानुसार प्रमाण, टक्क्यांत. एक लिटर रंग १० चौरस मीटरवर पसरला तर ओला थर १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो. घन भाग ४० टक्के असेल तर वाळल्यावर ४० मायक्रॉन उरतात, ३० टक्के असेल तर ३०. डोक्याचा केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. स्वस्त डबा तिसरा हात मागतो तो इथं, आणि नीट सरकत नाही म्हणून भसाभस पाणी घातलं की महागही स्वस्त होतो. त्याच पत्रकात किमान तापमान दिलेलं असतं, पाण्यातल्या बहुतेक रंगांना ५ ते १० अंश सेल्सिअस. त्याखाली रंगाचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनत नाही. थंडीत खोली गरम असली तरी बाहेरच्या दाराचं लाकूड गार असतं, तेवढं लक्षात ठेवा. मुलाच्या पलंगाला किंवा खेळण्याला रंगवणार असाल तर युरोपात ईएन ७१-३ हा उल्लेख बघा, बाहेरच्या खिडक्यांसाठी ईएन ९२७. पांढरासुद्धा नावानं मागू नका, आकड्यानं मागा. आरएएल या रंगछटांच्या क्रमवारीत ९०१० किंचित उबदार पांढरा आहे, ९०१६ थंड आणि लख्ख. हे आकडे युरोपात देशोदेशी चालतात.

एक सांगायचं राहिलं, ते माझ्या स्वतःच्या फजितीतून. पुस्तकांचं कपाट मी पाण्यातल्या रंगानं रंगवलं. दोन तासांत हाताला कोरडं लागलं, दोन दिवसांनी हौसेनं पुस्तकं लावली. महिन्यानं एक जाड शब्दकोश ओढला तर त्याच्या पुठ्ठ्याची खालची बाजू फळीवरच राहिली. वाळणं वेगळं आणि मुरणं वेगळं. असे रंग पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे घेतात. तोवर दार चौकटीत घट्ट लावून ठेवू नका, नाहीतर ती दोघं एकमेकांना चिकटतात आणि उघडताना रंग ओरबाडून निघतो. रात्री कडी न लावता दार नुसतं लोटून ठेवा.

तर जुन्या दाराला धुणं, घासणं, पकड देणारा प्रायमर एक हात, वाळल्यावर २२० च्या पेपरनं हलकं फिरवणं, मग वरचा रंग दोन हात. पाइनच्या दारावर रंग आधीच धरलेला आहे, तेव्हा तो घासून गाठींवर लाख, मग अंडरकोट, मग दोन हात. पाण्यातला रंग कोऱ्या लाकडाचे रोम उभे करतो, त्यामुळे पहिल्या हातानंतर दार खरखरीत लागलं तर घाबरू नका, ते घासायचंच असतं. ब्रश कृत्रिम तंतूंचा घ्या, नैसर्गिक केसांचा पाण्यात फुगून लोळागोळा होतो. दाराची खालची आणि वरची कड विसरू नका. लाकूड पाणी पितं ते तिथून. एका दाराच्या दोन्ही बाजू आणि कडा मिळून साधारण ४ चौरस मीटर धरा. सात दारं, दोन हात, म्हणजे ५६ चौरस मीटर, लिटरमागे १० चौरस मीटर धरले तर वरचा रंग साडेपाच-सहा लिटर. चौकटी वेगळ्या.

पण एवढं एकदम आणू नका. लहानात लहान डबे आणा आणि एकच दार करा, शिशाचा निकाल आल्यावर, तेही कपाटाचं किंवा जिथं पाहुणा जात नाही तिथलं. आठवडाभर थांबा. मग धारदार पात्यानं आतल्या कडेला बारीक फुली मारा, तिच्यावर मजबूत चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टी कोरी आली तर बाकीची सहा दारं त्याच डब्यांनी, त्याच क्रमानं करा. रंग पट्टीबरोबर आला तर वाया गेलं ते एक दार, आणि कोणता थर सुटला हे पट्टीवरच दिसेल. मला त्याचा फोटो पाठवा. ही फुली यजमानांच्या हातानं मारून घ्या. बॅगेचा विषय पुन्हा निघणार नाही.

उरलेला डबा बंद करताना झाकणावर तारीख, रंगाचा आकडा आणि कोणतं दार ते लिहा आणि झाकणाचा फोटो फोनमध्ये ठेवा. पुढच्या वेळी दुकानात तो दाखवला की झालं, भाषा येवो न येवो.